नऊ वेळा हरवलेलं टिंब

३ फेब्रुवारी

वहिनी,

वर ‘तीर्थस्वरूप’ वगैरे घातलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, याला काहीतरी हवं असणार. म्हणून नुसतं वहिनी.

फोन तुम्ही उचलत नाही. दादा रविवारी उचलतो, हवापाण्याचं बोलतो, मी तुमचं विचारलं की "बरी आहे" म्हणतो, आणि तेवढ्यात मागे एखादं भांडं जोरात ठेवल्याचा आवाज येतो. ते दादानं ठेवलेलं नसतं हे मला कळतं. दादानं जन्मात कधी भांडं जागेवर ठेवलेलं नाही. त्या आवाजावरून मी समजतो की तुम्ही आहात, ऐकताय, आणि अजून रागावलेल्या आहात. दोन वर्षं मी त्या भांड्यावर भागवलं. आता पत्र लिहितो. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एक ओळ तरी वाचतोच, आणि तुम्ही तर औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचणाऱ्या.

कामाचंच लिहितो. आमच्या कंपनीत सलाईनमधून औषध सोडणारा पंप पुन्हा पहिल्यापासून करायला घेतलाय. बोट टेकवून आकडे टाकायचा काचेचा पडदा काढायचा असं ठरलंय. आमच्या विभागाला नव्या प्रमुख आल्या आहेत; सगळे त्यांना मागे ‘मोठ्या बाई’ म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण माणसाला एकच बोट असतं असं धरून यंत्रं केली. बाकीची नऊ काय हवेत धरायची?" मग त्यांनी सगळ्यांना घरून अशी एक वस्तू आणायला सांगितली, जी हात न बघता वापरतो. एकानं विणकामाच्या सुया आणल्या, एकानं स्कूटरची मूठ उपसून आणली. मी जुन्या सलाईनच्या नळीवरची पांढरी चाकी नेली. अंगठ्यानं खाली सरकवली की थेंब थांबतात, ती.

ती चाकी तुम्हीच दिलेली. तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तुम्ही आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचं घड्याळ उघडून बसलो होतो. दादा मारायला धावला. तुम्ही त्याला थांबवलंत आणि माझ्यासमोर मांडी घालून बसलात. "खटपट्या, आता हे लावूनही दाखव," म्हणालात. मला लावता आलं नाही. तेव्हापासून तुम्ही हॉस्पिटलातून, तुमच्या वॉर्डातल्या टाकायच्या वस्तू धुऊन, उकळून, डब्यात भरून माझ्यासाठी आणायचात. माझं सगळं शिक्षण त्या डब्यातून झालं.

चौकशीबद्दल एकदाच लिहितो आणि विषय संपवतो. त्या दुपारी पंपावर अडीचच्या जागी पंचवीस आकडा पडला, बारा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना दहापट औषध गेलं, आणि आकडा तुमच्या बोटानं पडला म्हणून सगळ्यांनी बोट तुमच्याकडेच दाखवलं. पडदा मी केलेला, म्हणून मला साक्षीला बोलावलं. मला जेवढं विचारलं तेवढं मी सांगितलं, आणि सांगितलं ते खरं होतं. तुम्हाला ते लागलं हे मी समजू शकतो. पण खोटं मी बोललो नाही.

असो. आजोबा बरे आहेत असं दादानं मागे सांगितलं होतं. नातवाच्या लग्नाला गेले होते म्हणे.

तुमचा,
खटपट्या


२१ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरतो. रविवारी दादाच्या मागे भांडं वाजलं, पण जरा हळू वाजलं. कदाचित माझे कान मला हवं ते ऐकत असतील.

गेल्या पंधरवड्यात आम्ही माणसांचे हात गोळा केले. म्हणजे माणसांसकट. मोठ्या बाईंनी वेगवेगळ्या कामांतली माणसं बोलावली आणि त्यांना आमच्या टेबलावर त्यांचं त्यांचं काम करायला लावलं. आम्ही बाजूला उभं राहून बघायचं, मोजायचं, आणि मध्ये तोंड घालायचं नाही. एक बेकरीवाले होते, ते पिठाला नुसतं टोचून सांगायचे की अजून दहा मिनिटं. एक क्रेन चालवणाऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, दांडा हातात थरथरला की वर काय लोंबतंय ते मला मान वर न करता कळतं. मी हे सगळं वहीत उतरवत होतो आणि मनात म्हणत होतो, वहिनी इथे हव्या होत्या. शीर शोधताना तुम्ही खिडकीबाहेर बघायचात. शाळेतून मी सरळ वॉर्डात यायचो तेव्हा मला वाटायचं तुमचं लक्षच नाही, आणि पेशंट घाबरून तुमच्या तोंडाकडे बघत असायचा, आणि तेवढ्यात सुई आत गेलेलीसुद्धा असायची.

पण सगळ्यांत भारी होते ते ऑपरेटरकाका. वय सत्तरच्या पुढे, जन्मापासून दिसत नाही, तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर काढलेली. त्यांच्यासमोर आमचा जुना पंप ठेवला. त्यांनी काचेवरून तळवा फिरवला, परत फिरवला.

"ही तर धुऊन ठेवलेली ताटली आहे," ते म्हणाले. "यात वाढलंय काय?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मग त्यांनी विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, "जुनं आहे, काका."

"जुनं आहे का ते मी विचारलं नव्हतं," ते म्हणाले, आणि पुढच्या वस्तूकडे वळले.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. हाताला नेमकं काय लागतं, असं विचारलं. घास चावता चावता ते म्हणाले की कडा कळायला हवी, हे तर कुणीही सांगेल. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वस्तूला ‘नाही’ म्हणता यायला हवं. कडी लावलेलं दार ढकललं की दार नाही म्हणतं. घट्ट झाकण नाही म्हणतं. "तुमची ही काच मात्र कशालाही हो म्हणते. असल्या माणसावर मी तरी भरवसा ठेवणार नाही."

त्यावरून आम्हाला एक कल्पना सुचली. आकडे टोचायचेच नाहीत. एक जाड गोल मूठ, बरणीच्या झाकणाएवढी. फिरवली की दर टप्प्याला बोटांना टक् असं लागेल. आणि डोस जसजसा वाढत जाईल तसतशी मूठ फिरायला जड होत जाईल. अडीचपर्यंत मऊ. दहाच्या पुढे मनगट लावावं लागेल. पंचवीसपर्यंत कुणी चुकून पोचूच शकणार नाही. तिथे जायचं तर ठरवूनच जावं लागेल.

सोबत लाकडी नमुना पाठवतो आहे. आत यंत्र नाही, नुसता आकार. तुम्ही बघावा असं मला वाटतं. न बघता बघावा, म्हणजे हातानं. नको असेल तर दादाला त्यावर चष्मा ठेवायला द्या.

खटपट्या


१५ मार्च

वहिनी,

खोकं उघडलं तेव्हा आधी वाटलं, तुम्ही नमुना न बघताच परत पाठवला. मग पट्ट्या दिसल्या.

जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या, सात ठिकाणी, आणि प्रत्येकीवर तुमचं अक्षर. सोबत चिठ्ठी नाही, ‘प्रिय’ नाही, काही नाही. पण वहिनी, मी त्या सात पट्ट्या सात पत्रांसारख्या वाचल्या. बैठकीत त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. ‘सिस्टरच्या एका हातात नेहमी काहीतरी असतं. हे दोन हातांचं यंत्र झालंय.’ मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. आम्ही आठ माणसं, महिनाभर, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ‘डावखुऱ्यांनी काय करायचं?’ हेही नव्हतं आलं. ‘या खाचेत फडकं जात नाही. मळ बसेल.’ आणि मुठीच्या डोक्यावरची ती लहान पट्टी: ‘जड होतं हे बरं. पण बंद करायला कधीच जड नको. बंद करताना विचार करायला वेळ नसतो.’

ती पट्टी मी परत एकदा वाचली. तुम्ही त्या दुपारी पंप बंद करायला कशा धावला असाल ते मला दिसलं. इतरांना ते माहीत नव्हतं. मोठ्या बाईंनी विचारलं, "या कोण बाई आहेत?" मी सांगितलं, माझ्या वहिनी, बावीस वर्षं वॉर्डात होत्या. होत्या म्हणजे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आता नाहीत.

आता नवा नमुना एका हाताचा आहे. मूठ मधोमध आणली आहे, डावा-उजवा दोघांना चालेल. कडा सगळ्या गोल केल्या, फडकं एका फटक्यात फिरतं. बंद करायचं असेल तर मुठीवर तळहात आपटायचा, कुठूनही, कसाही. तुम्हाला आवडेल.

इथवर मी कालच लिहिलं होतं. आज रविवार, दादाचा फोन झाला. मी पट्ट्यांचं कौतुक करत होतो. तो ऐकत होता, मग हळू आवाजात म्हणाला की त्या पट्ट्या लावायला तुम्हाला चार दिवस लागले. मला कळेना. मग त्यानं सांगितलं. तुम्ही आता सुईत दोरा ओवत नाही. शेजारची बाळंतीण तिचं बाळ तुमच्याकडे द्यायला आली तर तुम्ही हात पाठीमागे घेतलेत. दादाच्या बोटात कुसळ गेलं तर त्याला दवाखान्यात पाठवलंत. तुम्ही, वहिनी! "ती म्हणते, तिच्या हाताचा भरवसा नाही," दादा म्हणाला. "तिला वाटतं, त्या दिवशी हातानं दगा दिला. बोट घसरलं आणि तिला कळलंसुद्धा नाही. म्हणते, ज्या हाताला आपली चूक कळत नाही, तो हात कुणाच्या अंगाला लावायचा नाही."

मी इतके दिवस समजत होतो की तुम्ही माझ्यावर रागावलात म्हणून नोकरी सोडलीत.

पुढे लिहायला घेतलं होतं. दोन कागद फाडले. हे एवढंच पाठवतो.

खटपट्या


१९ मार्च

वहिनी,

मी पहिल्या पत्रात हातचं राखून लिहिलं. आता सगळं लिहितो.

तो पंप बाजारात जाण्याआधी आठ दिवस मी घरी एक चाचणी केली होती. कंपनीच्या चाचण्या कोरड्या बोटांनी होतात, फार तर कोरड्या हातमोज्यांनी. नियम तेवढाच आहे. मला एकदा वाटलं, वहिनी तर सारख्या हात धुतात, स्पिरिट लावतात, त्यांचे हातमोजे कधी कोरडे नसतात. मी पंप घरी आणला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, ओले हातमोजे घातले आणि अडीच हा आकडा दोनशे वेळा टाकला. दोन, टिंब, पाच. दोनशेपैकी नऊ वेळा टिंब उमटलं नाही. पाणी काचेवर पसरतं आणि मधला लहान स्पर्श गिळून टाकतं. नऊ वेळा काचेवर पंचवीस आलं. बोट दर वेळी बरोबर जागी पडलं होतं. मी स्वतः बघत होतो.

ही नोंद माझ्या वहीत आहे. तारखेसह. मी ती कुणाला दाखवली नाही. आठ दिवसांवर पंप बाजारात जायचा होता, माझी बढती त्याला बांधलेली होती, आणि मी स्वतःला सांगितलं की पुढच्या आवृत्तीत सुधारू. इतकं साधं होतं ते. कुणी मला धमकावलं नाही, कुणी गप्प बसवलं नाही.

चौकशीत मला विचारलं, ठरलेल्या चाचण्यांत पडद्यात काही दोष आढळला होता का. मी म्हटलं, ठरलेल्या चाचण्यांत नाही. तुम्ही समोर बसला होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मग तुमच्या हातांकडे बघितलंत. मला वाटलं, तुम्ही मान खाली घातलीत. आज कळतंय तुम्ही काय बघत होतात.

आणि तुमच्या वॉर्डात तो पंप आला तेव्हा तुम्हीच सगळ्यांना सांगितलं होतंत की माझ्या दिरानं केलाय, बिनधास्त वापरा. हे मला तेव्हाच्या मेट्रनबाईंनी साक्षीच्या दिवशी व्हरांड्यात सांगितलं. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

तुमचं बोट घसरलं नाही, वहिनी. तुमच्या हातानं दगा दिला नाही. दगा मी दिला. तुमच्या हाताला चूक कळली नाही कारण त्यानं ती केलीच नव्हती.

वहीच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. माझं अक्षर तुम्हाला लागतं.


३० एप्रिल

वहिनी,

तुमचं उत्तर नाही, आणि मी वाट बघत नाही असं म्हणणार नाही. पण वाट बघत बसून राहायचं काम नव्हतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी वही घेऊन चौकशी समितीकडे गेलो.

आधी मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांच्या खोलीत टेबलावर आपला नवा नमुना होता, त्या बोलताना मूठ टक् टक् फिरवत होत्या. मी सांगायला लागलो तसा आवाज थांबला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "पट्ट्यांवाल्या बाई याच ना?" मी हो म्हटलं. त्यांनी नमुना बाजूला सरकवला. मग म्हणाल्या की त्या मला या कामावर ठेवू शकणार नाहीत, आणि ठेवू शकल्या असत्या तरी ठेवलं नसतं. मी म्हटलं, बरोबर आहे. "पण समितीकडे मी तुमच्याबरोबर येते," त्या म्हणाल्या. "कंपनीनं वही खोटी म्हणायला नको."

आणि आल्या. दोन तास माझ्याशेजारी लाकडी बाकावर बसून होत्या. समितीतल्या एका डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का गप्प होतात. या प्रश्नाची मी खूप तयारी केली होती. तिथे गेल्यावर एवढंच म्हणता आलं की भीती वाटली, आणि नंतर गप्प राहायची सवय झाली. मग त्यांनी सरळ एक पंप मागवला, वॉर्डातल्या एका सिस्टरला बोलावलं, ओले हातमोजे घालायला लावले. एकविसाव्या खेपेला टिंब गेलं. त्या सिस्टरनं पडद्याकडे बघितलं, स्वतःच्या बोटाकडे बघितलं, आणि म्हणाली, "मी तर दाबलं होतं."

वहिनी, हे वाक्य तुम्ही त्या दिवशी किती जणांना सांगितलं असेल.

जुने पंप सगळीकडून परत मागवायला सुरुवात झाली आहे. माझी बदली खोक्यांच्या विभागात झाली. खोक्यावर ‘ही बाजू वर’ कुठे छापायचं ते मी ठरवतो. पगार कमी झाला, त्यात तक्रार नाही. नवा पंप आता बाकीचे सात जण करतात. परवा जिन्यात त्यांच्यातली एक भेटली, म्हणाली की तळहातानं बंद करायचं जमलं, पहिल्या झटक्यात. मी तिथेच उभा राहून दोन मिनिटं हसत होतो. लोक बाजूनं जात होते.

खटपट्या


१२ जून

वहिनी,

तुमचं पत्र आलं. पाकिटावर दादाचं अक्षर होतं, म्हणून मी ते बिलं ठेवतो तिथे ठेवलं आणि चहा झाल्यावर उघडलं. मग दुसरा चहा गार झाला.

तुम्ही लिहिलंत की समितीचा कागद मिळाला, तुमच्या नावापुढचा शेरा काढला. त्याबद्दल तुम्ही दीड ओळ लिहिलीत. मग लिहिलंत, ‘वहीचं पान मी तीन दिवस देवासारखं समोर ठेवलं होतं. चौथ्या दिवशी ओले हातमोजे घालून स्वयंपाकघरात बसले आणि दोनशे वेळा सुईत दोरा ओवला. दोन वेळा चुकला. दोन्ही वेळा मला कळलं.’

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

मग पुढचं. ते मी पाठच केलं आहे, म्हणून इथे उतरवतो, म्हणजे तुम्हाला कळेल की मी एकही शब्द गाळलेला नाही. ‘तू त्याच आठवड्यात येऊन सांगितलं असतंस तर मी तुझ्यावर दोन दिवस ओरडले असते. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढलं असतं. तू दोन वर्षं घेतलीस. ती मी माझ्या हाताला शिव्या देण्यात घालवली. त्या दोन वर्षांचं काय करायचं ते मला कळत नाही. माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पण हे घर तुझं नाही असं मी कधीच म्हटलं नव्हतं. फोन उचलत नव्हते, दार लावलं नव्हतं. ते तू लावून घेतलंस.’

यावर मी काय लिहू? सगळं खरं आहे. मी बचाव करणार नाही, आणि स्वतःला फार झोडपूनही घेणार नाही, कारण तसं केलं की समजूत तुम्हाला घालावी लागते. लहानपणी मी तेच करायचो. काच फोडायचो आणि तुमच्याआधी रडायला लागायचो.

तुम्ही पुन्हा वॉर्डात जायचा विचार करताय, मध्ये दोन वर्षं गेली म्हणून आधी हाताची परीक्षा द्यावी लागेल, आणि सरावाला आणि परीक्षेला कुणाचा तरी दंड हवा आहे, हे वाचलं. दादानं दंड दिला होता आणि सुई बघून खुर्चीतून खाली आला, हेही वाचलं. त्याला सांगा, मी हसलो नाही. (हसलो.)

माझे दोन्ही दंड तुमचे आहेत. तारीख कळवा.

खटपट्या


२७ ऑगस्ट

वहिनी,

परवा तुमच्याकडून परत आलो आणि पोचल्याचा फोन केला, तो तुम्ही उचललात, आणि मला काय बोलायचं तेच सुचेना. "पोचलो," एवढं म्हणून ठेवला. म्हणून हे पत्र. परीक्षेत तुम्ही सगळं मान खाली घालून करत होतात. मी बघत होतो. म्हणून माझ्या बाजूनं जे दिसलं ते लिहून ठेवतो.

प्रशिक्षणाच्या खोलीत तीन परीक्षक होते. खिडकीतून दुपारचं ऊन थेट टेबलावर येत होतं. तुमच्या आधी ज्या मुली होत्या त्या तुमच्या अर्ध्या वयाच्या. तुम्ही माझ्याशी दोन दिवसांत कामापुरतंच बोलला होतात. मीठ हवं का, टॉवेल तिथे आहे, सकाळी आठला निघायचं. मी खुर्चीत बसलो, बाही वर केली. तुम्ही पट्टा बांधलात. परीक्षक बाई म्हणाल्या की यांच्या शिरा फार खोल आहेत, दुसरा माणूस घेऊ या. तुम्ही म्हणालात, "नको. हा हात माझ्या माहितीचा आहे."

मग तुम्ही बोटं ठेवलीत. तर्जनी आणि मधलं. कोपराच्या आत, जरा बाजूला. तुम्ही दाबलं, सोडलं, दाबलं. तुमचं बोट एकदा पुढे गेलं, आणि मागे आलं, आणि थांबलं. तेव्हा तुम्ही मान वर केलीत आणि खिडकीबाहेर बघितलंत. तिथे काही नव्हतं. गाड्या लावायची जागा होती आणि एक माणूस काच पुसत होता. तुम्ही त्याच्याकडे बघत होतात आणि मी तुमच्याकडे. सुई कधी गेली ते मला कळलं नाही. नळीत रक्त आलेलं दिसलं तेव्हा कळलं.

परीक्षक बाई काहीतरी लिहायला लागल्या. तुम्ही कापूस ठेवलात, माझा हात दुमडलात, आणि तुमचा हात त्यावर तसाच राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे सरळ बघितलंत.

"दुखलं का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"खरं सांग."

"थोडं दुखलं."

"हं," तुम्ही म्हणालात. "बस मग. लगेच उठू नको."

आणि मग तुम्ही हात काढला नाहीत. परीक्षक बाई पुढच्या मुलीला बोलवायला बाहेर गेल्या, परत आल्या, तरी नाही. मी उठलो नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर मी संध्याकाळपर्यंत बसलो असतो.

कोपराशी हिरवंनिळं झालंय. दाबलं की दुखतं. दिवसातून दोनतीनदा दाबून बघतो.

तुमचा,
खटपट्या